डॉक्टर सोनटक्क्यांची गुंतवळ

चांद्याच्या दवाखान्यात प्रयोगशाळेची माणसं दोनच, डॉक्टर सोनटक्के आणि मी. तरी किस्से एवढे साठले की मी तोंड उघडलं की घरचे पांगतात! बरेचसे हसण्यासारखे आहेत. मला मात्र आता हसू येत नाही.

डॉक्टरांच्या मुलीला, कुसुमला, मिरगी होती. त्यांचा तर्क असा की मेंदूतल्या बहुतेक पेशी एकमेकींना 'चल' म्हणतात, पण काही बारक्या पेशी 'थांब' म्हणत असणार. त्या कमी पडल्या की झटका. पुस्तकात त्यांचं एक चित्र आणि चार ओळी. चित्रात त्या विंचरलेल्या केसांच्या गुंतवळीसारख्या, म्हणून आम्ही त्यांना गुंतवळच म्हणायचो. कुसुममध्ये त्या कमी आहेत हे कळलं तर औषध शोधता येईल, एवढीच डॉक्टरांची आशा.

* * *

पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसाव्यात म्हणून त्या चांदीच्या क्षारानं रंगवायच्या. त्याला ताजा मेंदू लागे; हात बसेपर्यंत बकऱ्याचा. तो मीच आणायचो. खाटकानं गावभर केलं की माळकरी डॉक्टर रोज भेजा खातात! एका रविवारी त्यानं सोबत वाटलेला मसालाही पाठवला. मेंदू बाटलीत गेला, मसाला माझ्या घरी.

* * *

रंग भारी लहरी. मोजक्याच पेशींवर चढे, त्याही मोठ्या. गुंतवळ कधी दिसलीच नाही. त्यात चांद्याचा मे महिना! डॉक्टरांनी एकदा बाटली गार राहावी म्हणून पिण्याच्या माठात सोडली. कंपाउंडर दुपारभर तेच पाणी प्यायला. सांगितल्यावर बिचारा एवढंच म्हणाला, "काऊन सांगितलं? चांगलं थंडं होतं."

* * *

आरमोरीकडची एक ढिवरीण, नदीवर मासे धरणारी, मुलाला घेऊन आली. झटक्यात तो चुलीवर पडला होता. डॉक्टर गोळ्या समजावत होते, तोच तिनं विचारलं, "भाऊ, तुमच्या पोरीले बी असंच होते म्हणतात. तिले आराम पडला का?"

"नाई, बाई."

तिनं मुलाच्या दंडावरचा ताईत सोडून टेबलावर ठेवला. "मंग हा तिले बांधा. याले गोळ्या द्या."

डॉक्टरांनी तो बांधला.

* * *

पावसाळा सरता सरता कुसुम झटक्यातच गेली. मला फार वाईट वाटलं. कुसुमचा मेंदू काढून ठेवू का, असं डॉक्टरांनी बायकोला विचारलं, तिनं नुसती मान डोलावली, आणि बाटली आमच्याकडे आली.

काही दिवसांनी काप काचेवर घेतला. रंग कधी नव्हे तो सुरेख चढला होता. डॉक्टर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले.

"दिसल्या का, साहेब?" मी विचारलं.

ते उठले. मला बसायला स्टूल पुढं केलं.

"आहेत," म्हणाले. "खूप आहेत."