न आलेला सातवा ठोका

"हाथ कब से कमज़ोर है?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज सुबह से," मी म्हणाले.

ते खोटं होतं. डॉक्टर स्क्रीनकडे बघत होते. "माताजी, यह खून आज का नहीं है. हफ़्तों पुराना है. दिमाग़ एक तरफ़ दब गया है. अभी ऑपरेशन करना पड़ेगा. सच बताइए."

स्ट्रेचरवर विनू होता, माझा धाकटा दीर, वय एकाहत्तर. हाक मारली तरी डोळे उघडत नव्हता.

"अठारा दिन से," मी म्हणाले.

आजाराचं नाव क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा. डोक्याला मार लागतो आणि कवटी व मेंदूच्या मध्ये रक्त हळूहळू साठत जातं. म्हातारपणी मेंदू आक्रसलेला असतो, आत जागा असते, म्हणून कित्येक आठवडे काही कळत नाही. मला मात्र कळलं होतं. म्हणून हे लिहिते आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा विनू चौदा वर्षांचा होता. पुढे कॉलेजात त्याने तीन मित्रांबरोबर बँड काढला. त्या प्रकाराला ते प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणत. एकेक गाणं वीस मिनिटांचं. सराव आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या खोलीत. शेजारचे ओरडू नयेत म्हणून खिडक्यांना रजया टांगायच्या. कूलर आणि ऑर्गन एकदम लावले की फ्यूज उडायचा, म्हणून मे महिन्यातही कूलर बंद. चहा मीच द्यायची.

"वहिनी, कसं वाटलं?" विनू विचारायचा.

"तुझं एक गाणं होईस्तोवर माझी डाळ शिजते. तेवढाच फायदा," मी म्हणायची. पोरं हसायची. त्याच्या वाजवण्याला मी कटकट म्हणत आले, ते अगदी आतापर्यंत.

ऑर्गनवर विनूचा डावा हात सात ठोक्यांचा फेरा धरून ठेवायचा आणि उजवा मनाला येईल तिथे हिंडायचा. त्या वेळी मला हिंदी धड येत नव्हती. हे ऑफिसला गेले की बोलायला कोणी नसायचं. पोळ्या लाटताना मी सात मोजायची, फरशी पुसतानाही सात. हे कोणाला सांगितलं नाही.

बँड मोडला. विनू नोकरीला लागला, लग्न केलं नाही. हे गेल्यावर आम्ही दोघंच नोएडाच्या फ्लॅटमध्ये राहतो. सकाळच्या चहानंतर तो कीबोर्डवर बसायचा.

माळ्यावरून वायर काढताना तो स्टुलावरून पडला. डोक्याला टेंगूळ आलं. "कुछ नहीं यार वहिनी," म्हणाला. मी बर्फ लावला. डॉक्टरकडे नेलं नाही.

दोन आठवड्यांनी मी भाजी निवडत होते आणि तो वाजवत होता. सहा झाले. सातवा आला नाही. पुढच्या फेऱ्यातही नाही. तो मान डोलावत वाजवतच होता, त्याला पत्ताच नव्हता. मी मेथीची जुडी हातात धरून बसून राहिले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे इतकी वर्षं ऐकत आले हे कबूल करायचं. मी गप्प बसले. त्याची गाणी मुळातच वाकडी, हेही असंच असेल, अशी स्वतःची समजूत घातली. चार दिवसांनी त्याच्या हातातून कप पडला. "म्हातारा झालास," मी म्हणाले. मग तो दुपारीही झोपायला लागला. डोकं दुखतं म्हणाला. मी बाम दिला. सातवा चुकल्यापासून अठराव्या दिवशी तो उठलाच नाही.

ऑपरेशनला बर होल म्हणतात. कवटीला दोन भोकं पाडून साठलेलं रक्त काढतात आणि नळी ठेवतात. मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. शेजारची बाई जप करत होती. मी सात मोजत होते.

डॉक्टर बाहेर आले. "जान बच जानी चाहिए. हाथ का वादा नहीं करता. पहले लाते तो बात और थी."

विनूने तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, पाचव्या दिवशी बोलला. तेव्हा मी त्याला सांगितलं, "तुझा डावा हात सातवा गाळत होता. मला आधीच कळलं होतं."

त्याने मान माझ्याकडे वळवली. "तू मोजत होतीस?"

"हो."

"कब से?"

"क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासून."

"और बोलती थी कटकट!" तो इतका हसला की नर्स रागावली. मग हसणं थांबलं. "मग त्या दिवशी का नाही बोललीस, वहिनी?"

मी त्याची चादर सारखी करायला लागले. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बरोबरच केलं.

घरातलं म्हातारं माणूस पडलं आणि नंतर, महिन्याभरानेसुद्धा, डोकं दुखलं, झोप वाढली, एका बाजूचा हात कच्चा वाटला, तर सीटी स्कॅन करा. डॉक्टरांना दिवस खरे सांगा. मी सांगितले ते दुसऱ्यांदा विचारल्यावर.

फिजिओथेरपी आठ महिने झाली. आता विनू उजव्या हाताने वाजवतो आणि मी शेजारी बसून टेबलावर सातचा फेरा धरते. चुकले की ओरडतो.

विनू वाचला. डावा हात परत आला नाही.