आठवं गाणं

नेऱ्यातली बारा खोल्यांची इमारत मी माझ्या हिमतीवर उभी केली. आधी बैलांची दलाली केली, मग जमिनींची. वरच्या मजल्यावर लातूरकडचा एक मुलगा राहतो. दिवसा हिंजवडीत कॉम्प्युटरची नोकरी करतो. संध्याकाळी गाद्या भिंतीला उभ्या लावून, डोक्यावर गोधडी घेऊन तो गाणी रेकॉर्ड करायचा. स्वतःच लिहायचा, स्वतःच गायचा. सगळी रडकी.

"कोण गेलं रं तुझं?" मी एकदा दारातूनच विचारलं.

"कुणी नाही, काका. आवाजच असा आहे."

"मग मोठ्यानं तरी रड. शेजारच्यास्नी वाटतंय, खोलीत भूत हाय."

तो हसला. पोरगा वाईट नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

एकदा पाण्याची टाकी बघायला मी गच्चीवर गेलो होतो. गुणगुणत असेन. तो मागून आला आणि म्हणाला, पुन्हा म्हणा. ते आईचं गाणं होतं. भात लावताना वाकून एकेक पाऊल मागे टाकायचं असतं, त्या पावलावर तिनं ते बांधलं होतं. शब्द तिचे, चालही तिचीच. गावात दुसरं कुणी ते म्हणत नव्हतं. ज्या खाचरात म्हणायची तिथंच आता ही इमारत आहे. मी त्याला तीनदा म्हणून दाखवलं, त्यानं मोबाइलवर घेतलं.

वर्षभरानं त्याचा अल्बम आला. मोबाइलवर कुणालाही ऐकता येईल असा. आठ गाणी, आईचं शेवटचं. त्यानं मला खोलीत बसवून ऐकवलं. अंगावर काटा आला. मग मोबाइलवर गाण्याच्या नावाखाली नजर गेली, तिथं लिहिलं होतं 'पारंपरिक'.

"ह्याचा अर्थ काय?"

"म्हणजे जुनं. कुणी केलं ते माहीत नसलेलं."

माझं डोकंच फिरलं. "तुला सांगितलं न्हवतं, माझ्या आईनं केलंय म्हणून?"

"सांगितलं होतं, काका. पण मला वाटलं, त्या गायच्या म्हणजे..."

"गायची न्हाई, तिनं केलं! काढून टाक ते गाणं. आत्ताच्या आत्ता."

मला फक्त तिचं नाव हवं होतं. पण बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करत मी मोठा झालो. तिथं पहिला आकडा कुणी खरा धरत नाही. समोरचा हात झटकतो, शिव्या घालतो, उठून जातो, परत येतो. त्यानं हात झटकायला हवा होता. "काका, असं नका करू, नाव घालतो," एवढं म्हणायला हवं होतं. मी लगेच कबूल झालो असतो.

चार दिवसांनी तो खाली आला.

"काढलं, काका. माझंच चुकलं."

मी त्याचा मोबाइल घेऊन पाहिलं. सात.

"तुझ्याजवळ असंल की."

"नाही. माझ्याकडचंही पुसलं. तुमच्या आईंचं होतं, मी कोण ठेवणारा?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं, "बरं केलंस."

माझा त्याच्यावरचा राग अजून जात नाही. बाजार न पाहिलेल्या माणसाशी सौदा करणं म्हणजे भिंतीशी भांडणं. त्याहून वाईट म्हणजे, आता मी ते गाणं म्हणायला गेलो की दुसऱ्या ओळीनंतर त्याचा लांबवलेला सूर येतो. तो गाळला की पुढची ओळ सापडत नाही.

काल त्याला जिन्यात गाठलं. पुन्हा करशील का, एवढंच विचारायचं ठरवलं होतं. तो थांबला, कानातले इअरफोन काढले.

"काय, काका?"

"पाणी जपून वापरा," म्हणालो, आणि खाली आलो.