खाली बघून गाणारी माणसं

मुंबईहून निघालेली गाडी गोंदियालाच संपते, त्यामुळे झोप लागली तरी स्टेशन चुकायची भीती नाही. तरी मी अर्धा तास आधीपासून दारात उभा होतो. पिशवीत ऐंशी जणांच्या सह्यांचं पत्र होतं, आणि ते ज्यांना द्यायचं त्या मनोहर सरांची मला बावीस वर्षांनंतरही शाळकरी धास्ती वाटते.

सर आमचे कंडक्टर (हाताच्या इशाऱ्यावर गाणं चालवणारे). चर्चच्या दहा-बारा जणांच्या क्वायरपासून (गायनमंडळापासून) सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर गाणाऱ्या आमच्या ऐंशी जणांपर्यंत सगळ्यांना त्यांनी एका उजव्या हातावर चालवलं. नियम एकच होता. "डोळे माझ्या हातावर. कागदावर नाही, छतावर नाही, शेजारणीवर तर नाहीच." बावीस वर्षांत त्यांनी माझं एकदाच कौतुक केलं, "तू तरी बघतोस." त्या तीन शब्दांवर मी आजवर टेनरच्या (पुरुषांच्या उंच स्वराच्या) रांगेत मिरवतो आहे.

चार वर्षांपूर्वी सर निवृत्त होऊन गावाकडे आले. यंदाचा हिवाळ्यातला मोठा कार्यक्रम त्यांनीच करावा असं सगळ्यांच्या मनात होतं, पण फोन केला की "रोवणी (भातलावणी) आहे" म्हणून ठेवून देत. पंचाहत्तरीचा माणूस कसली रोवणी करतो ते बघायला मला पाठवलं. माझ्यावर विशेष विश्वास होता म्हणून नव्हे. माझी रजा शिल्लक होती.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला मी शुद्ध मराठीत सरांच्या फुलचूर गावचा पत्ता सांगितला. तो म्हणाला, "बैठो भाऊ, वो गानेवाले सर के यहाँ ना?" आणि वाटेत त्याने मला सरांबद्दल माझ्यापेक्षा जास्त सांगितलं. आमगावच्या चर्चमध्ये पेटी वाजवणारा मुलगा, मुंबईत दिवसा कारकुनी, संध्याकाळी क्वायर. पुढे थेट ऑर्केस्ट्रासमोर. "और अब देखो, पैंट ऊपर करके खेत में," असं म्हणून तो मनापासून हसला.

सरांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जाड झालास. श्वास पुरतो का?"

चहा त्यांनीच केला. कप डाव्या हाताने दिला, उजवा खिशात. मला ते जरा ऐटीचं वाटलं. पत्र त्यांनी एका हाताने उघडलं, सह्या वाचल्या, दोन नावांवर कपाळाला आठ्या घातल्या आणि घडी करून परत माझ्या हातात दिलं.

"रविवारी आमगावच्या चर्चमध्ये आमच्या क्वायरबरोबर गा. मग हे पत्र पुन्हा द्यावंसं वाटलं तर दे."

मला वाटलं, काम झालंच.

शनिवारी सकाळी आम्ही आमगावजवळच्या एका शेतावर गेलो. रोवणीच्या दिवसांत क्वायरला तालमीला वेळ नसतो, म्हणून तालीमच बांधीत (धानाच्या बांध घातलेल्या वावरात) भरते. पंधरा-सोळा बायका आणि पाच-सहा पुरुष वाकून पऱ्हे (धानाची रोपं) रोवत होते. रोवणारी माणसं पुढे जात नाहीत, मागे सरकतात, नाहीतर आपलंच रोवलेलं आपणच तुडवू. अख्खी रांग एका लयीत मागे पाऊल टाकत होती आणि चार वेगवेगळ्या स्वरांत चर्चचं भजन गात होती. सर धुऱ्यावर (बांधावर) छत्री घेऊन पाठमोरे उभे राहून नुसते ऐकत होते. "अल्टो, खालचा स्वर पडतो आहे," असं त्यांनी खालच्या स्वरात गाणाऱ्या बायकांना आभाळाकडे तोंड करून म्हटलं, की चिखलातून "हो जी" यायचं.

रांगेच्या कडेला सुगंधाबाई होत्या. शेत त्यांचं आणि क्वायरमधला सर्वांत खणखणीत गळाही त्यांचाच. मला बघून त्या म्हणाल्या, "चपला काढा न या खाली. धुऱ्यावर उभं राहून काऊन गाता?"

मी पँट दुमडून उतरलो. पहिल्या ओळीला पाऊल मागे गेलं, दुसऱ्या ओळीला गेलं नाही, तिसऱ्या ओळीला मी बसलो होतो. गाणं कोणी थांबवलं नाही. रांग माझ्या दोन्ही बाजूंनी सुरात मागे निघून गेली आणि मी भर बांधीत एकटा टेनर उरलो.

"तुमी त्याहीच्याकडे पाहून राहिले होते," सुगंधाबाई नंतर म्हणाल्या. "खाली पाहा लागते जी. बाजूवालीचा पाय मांगं गेला का आपला न्यायचा."

"पण सरांचा हात बघायला नको का?"

त्यांनी पऱ्ह्यांची एक जुडी माझ्या हातात दिली. दुपारी धुऱ्यावर बसून भात, तरोट्याची रानभाजी आणि सुक्या झिंग्यांची (बारीक कोळंबीची) चटणी असं जेवण झालं. चटणीने माझ्या डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा त्यांनी न विचारता आणखी भात वाढला. इतका चविष्ट भात मी मुंबईत कधी खाल्लेला नाही, आणि त्याआधी तासभर चिखलात बसलेलोही नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. क्वायर धुतलेल्या साड्या-सदऱ्यांत उभी राहिली, मी कडेला सुगंधाबाईंशेजारी. सरांनी खिशातून उजवा हात काढला आणि वर उचलला.

तो हात थरथरत होता. थोडाथोडका नव्हे, मनगटापासून बोटांपर्यंत. ज्या हाताच्या एका बोटावर ऐंशी माणसं श्वास रोखून धरायची, तो हा हात. मग सरांनी सर्वांना ऐकू जाईल असा श्वास घेतला आणि क्वायर एकदम सुरू झाली, स्वच्छ, एकजीव. मी आजूबाजूला पाहिलं. एकही माणूस सरांकडे बघत नव्हता. सगळ्यांच्या नजरा फरशीवर होत्या आणि टाचा किंचित मागे-पुढे होत होत्या.

मी मात्र बघत होतो. मला दुसरं काही येतच नाही.

भजनात शेवटच्या ओळीआधी एक दीर्घ शांतता आहे. सरांनी हात वर धरला, सगळे थांबले. आणि तो हात हलला. तो नुसता थरथरला होता, पण माझ्या बावीस वर्षांच्या शिस्तीने तो इशारा मानला. त्या भरल्या चर्चमध्ये, त्या पवित्र शांततेत मी एकट्याने, छाती भरून, "धन्य" असं गायलो.

सुगंधाबाईंनी नजर न उचलता माझ्या पायावर पाय ठेवला. दोन मात्रांनंतर बाकीच्यांचं "धन्य" आलं, अगदी जागच्या जागी.

बाहेर आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "त्याहीचा हात असा झाला तवापासून आमी पाहात नाई. पण त्याहीले सांगू नोका. त्याहीले वाटते आमी पाहतो."

फुलचूरला परतताना रिक्षात सरांनी उजवा हात पुन्हा खिशात घातला. मग म्हणाले, "ते खाली बघतात हे मला ठाऊक नाही, असं त्यांना वाटतं. वाटू दे. आणि मला हात उचलल्याशिवाय गाणं ऐकूच येत नाही, त्याला मी तरी काय करू?"

मी पत्राच्या पिशवीवर हात ठेवला.

"आज माझ्याकडे बघणारा तू एकटा होतास," सर म्हणाले. "तिकडे तुझ्यासारखे ऐंशी आहेत. मीच तयार केलेत."

मला रडू आलं, आणि मी ते रिक्षाच्या धुरावर ढकललं. पत्र पिशवीतच राहिलं.

मुंबईला परतल्यावर तालमीत मी सगळं सांगितलं, माझ्या "धन्य"सकट. नंतर समोरची जागा रिकामी ठेवून आम्ही खाली बघून, एकेक पाऊल मागे टाकत गायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी सोप्रानो (उंच स्वराच्या) बायका खुर्च्यांवर कोसळल्या. दुसऱ्या आठवड्यात एक जाडजूड बास (खर्जाचा) गायक भिंतीला धडकला. दीड महिन्याने ऐंशी जण न बघता एकत्र थांबले आणि एकत्र सुरू झाले. पुढच्या तालमीला मी सरांना फोन लावून तो मधोमध ठेवला आणि आम्ही पूर्ण गाणं गायलो.

गाणं संपताच सरांनी पलीकडून विचारलं.

"वर कोणी बघितलं?"

"कोणी नाही, सर."

"खोटं. टेनरमध्ये एक जण अर्धी मात्रा मागे होता."

"सर, समोर कोणीच नव्हतं. मी बघणार कुणाकडे?"

"रिकाम्या जागेकडे," सर म्हणाले. "तू नाही सुधारणार. कापणी झाल्यानंतरचं तिकीट काढ माझं."

मी हो म्हणालो. या खेपेला माझी नजर खालीच होती, कारण सगळी रांग माझ्याकडे बघत होती आणि माझे डोळे भरले होते.