श्रीलंकेतला पानमळा आणि रेखाचे बूट

"सायकलनं? श्रीलंकेले?" अकोल्यात ज्याला सांगावं तो आधी आमच्या तोंडाकडे आणि मग गुडघ्यांकडे बघायचा. आम्ही तिघी पंचेचाळिशीच्या. मी शाळेत गणित शिकवते, नंदा बार्शीटाकळीला भाजीपाला पिकवते आणि रेखा अंजनगाव सुर्जीला वडिलांजवळ राहते. दर रविवारी सायकलने दर्यापूरला भेटायचं, चहा प्यायचा आणि परत फिरायचं, ही आमची जुनी सवय. त्यातच एकदा नंदा म्हणाली, "दर्यापूर लय झालं आता."

रेखाच्या घरचा विड्याच्या पानांचा मळा आहे. बाबा थकलेत, त्यांना तो मोडायचाय आणि रेखाला चालवायचाय. पण त्यांच्या घरात बाईनं पानमळ्यात पाय ठेवायचा नाही, वेल जळते म्हणतात. घरी बसून रेखानं आयुष्यभर पानं निवडली, वेल मात्र कुडाबाहेरूनच पाहिली. निघताना बाबा एवढंच म्हणाले, "जाऊन ये. आली का मळा मोडू."

आमच्यासारखं जायचं असेल तर सांगते. नागपूरहून रेल्वेने चेन्नई, तिथून कोलंबोचं विमान. व्हिसा घरबसल्या निघतो. सायकली नेण्याच्या भानगडीत पडू नका, विमानतळाजवळ नेगोंबोला चांगल्या भाड्याने मिळतात. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, फक्त हॉर्न कमी. ऊन आपल्यापेक्षा कमी, पण घाम असा की सदरा पिळून घ्यावा. दुपारी कुठेही थांबा, भात आणि चार भाज्या स्वस्तात मिळतात. खोबऱ्याच्या लालभडक चटणीला नंदानं आधी नावं ठेवली, मग घरून आणलेला ठेचा पिशवीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नारळाच्या बागांमधून कुलियापिटियाकडे निघालो. एका वळणावर रेखानं करकचून ब्रेक मारला. मागची नंदा तिच्यावर आदळता आदळता वाचली.

"काहून थांबली वं?"

"पानं," रेखा म्हणाली.

रस्त्याला लागून, खुंटांवर चढवलेल्या वेली. त्यांत एक बाई पानं खुडत होती, पायात रबरी चपला. रेखानं सायकल आडवी टाकली, बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी जाऊन कडेला उभी राहिली. पानमळ्यात चपला चालत नाहीत, हे तिच्या हाडात भिनलेलं. बूट काढले खरे, पण पाऊल काही पुढे पडेना.

ती बाई हसली. तिचं नाव कुमारी. बरीच वर्षं कुवेतला घरकाम केलेलं, तिथेच हिंदी शिकलेली. त्याच कमाईतून तिनं हा मळा घेतला होता. मला प्रश्न विचारायची खोड, मी ताबडतोब विचारलं, "यहाँ औरत लोग अंदर जाता है?"

"मैं नहीं जाएगा तो कौन जाएगा?" कुमारी म्हणाली. "तुम क्यों रुका? आओ."

"जाय ना वं," नंदा कुजबुजली.

"मायनं कधी पाय नाई ठेवला," रेखा म्हणाली. "जळली त मंग? बाईचं नुकसान काहून करू?"

तिची भीती खरी होती, थट्टा करायचा धीर मला झाला नाही. मी जमेल तसं कुमारीला समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, रेखाचा हात धरला आणि सरळ आत नेलं.

पुढचा तासभर रेखा आम्हाला विसरली. पाणी कसं देता, सावलीला काय लावता, कीड कोणती पडते, सगळं विचारलं. कुमारीनं तिला वेल खुंटाला बांधायला शिकवलं. रेखानं आपल्या पिशवीची लाल फीत सोडली आणि त्या फितीनं एक वेल बांधली. निघताना कुमारीला म्हणाली, "इसका फोटू भेजना. जली तो भी भेजना."

पुढे दांबुल्ल्याची लेणी झाली, कँडीचा घाट झाला. घाटात मी सायकल ढकलत नेली, हे लपवत नाही. पण रेखाचं लक्ष कशातच नव्हतं. कुठे थांबलो की ती आधी मोबाईल बघायची.

फोटो आला तो आम्ही परतल्यावर, महिन्याभरानं. त्या रविवारी दर्यापूरला चहा न घेता आम्ही थेट अंजनगावला गेलो. बाबा मळ्याच्या तोंडाशी बसले होते. रेखानं मोबाईल पुढे केला. लाल फीत, आणि तिच्या वर तळहाताएवढी नवी पानं.

"ही वेल मी बांधली, बाबा. आत जाऊन."

मला वाटलं, आता भडकतील. बाबांनी फोटो जवळ धरला, मग लांब धरला.

"पाणी किती देते ते बाई?"

रेखानं सांगितलं. सावलीचं सांगितलं, किडीचंही सांगितलं. बाबांनी मोबाईल तिला परत दिला. मग काठी टेकत उठले आणि मळ्याकडे तोंड करून म्हणाले, "बूट भायेरच काढजो."

रेखाला लेस सुटेनात, घाईत ओढून तिनं गाठच बसवली. शेवटी मीच खाली बसले आणि सोडल्या.