खरं निघालेलं नाणं

"परत एकदा बघा," मेनेर फिसर म्हणाले. "मशीन चुकलं असेल."

माझ्या नोकरीत हे वाक्य नेहमी ऐकू येतं, पण ते नाणं खोटं निघाल्यावर. नाणं खरं निघालं म्हणून असं म्हणणारे मेनेर, म्हणजे डचमध्ये श्रीयुत, हेंक फिसर पहिलेच. ऐंशीच्या घरातले, उंच, रॉटरडॅम बंदरातले रिटायर्ड पायलट. म्हणजे समुद्रातून आलेली मोठी जहाजं सांभाळून आत आणणारे. ते माझ्या टेबलासमोर कोट न काढताच बसले होते आणि मी सांगितलेली आनंदाची बातमी त्यांना नको होती.

मी इथे एका ऑक्शन हाउसमध्ये काम करते. पुण्यात मेटलर्जी शिकले, नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमुळे नेदरलँड्सला आले. लिलावाला येणारी जुनी नाणी खरी आहेत का, हे धातू तपासून सांगणं हे माझं काम. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नवरा पुण्याला परत गेला. मी नोकरीसाठी राहिले. मुलगी सई शिकायला दुसऱ्या गावी. त्यामुळे दिवसभर मी, मशीन आणि नाणी.

फिसरांचं नाणं 'गोल्ड रश'च्या काळातलं होतं. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, माणसांची झुंबड उडाली, पण जवळपास सरकारी टांकसाळ नव्हती. सोन्याची पूड चिमटीने मोजून भाजी-पाव घ्यायचा म्हणजे रोजची भांडणं. मग तिथल्या सराफांनी आणि धातू पारखणाऱ्यांनी स्वतःच नाणी पाडायला सुरुवात केली. पुढे सरकारी टांकसाळ आली आणि ही खासगी नाणी बहुतेक वितळवली गेली. जी उरली, त्यांच्यासाठी संग्राहक जीव टाकतात.

हे नाणं दहा डॉलरचं. रंग फिका, थोडा हिरवट. वजन सरकारी नाण्यापेक्षा कमी. वरवर बघणारा कोणीही नकली म्हणेल. मी आधी एक्सआरएफ केलं. हे मशीन एक्स-रे टाकून कोणता धातू किती आहे ते सांगतं. सोनं, चांदी, आणि तांबं जवळजवळ नाहीच. सरकारी टांकसाळ सोन्यात तांबं मिसळायची, म्हणून तिची नाणी लालसर. कॅलिफोर्नियाच्या नद्यांमधल्या सोन्यात मुळातच चांदी असते आणि खासगीवाले बऱ्याचदा ती वेगळी काढत बसत नसत. वजनाचंही तेच. यातले काहीजण सोनं कमी घालायचे, त्यावरून तेव्हाही बोंब होती. त्यामुळे हलकं म्हणजे खोटं, असं इथे नसतं.

पण मशीन फक्त वरचा थर बघतं. म्हणून नाणं एकदा हवेत आणि एकदा पाण्यात बुडवून तोललं. त्यावरून आत दुसरंच काही भरलंय का ते कळतं. नव्हतं भरलेलं. मायक्रोस्कोपखाली सोन्यात रुतलेले बारीक करडे कण दिसले. नदीतल्या सोन्याबरोबर येणारा हा धातू तेव्हाच्या भट्टीत वितळत नसे. शेवटी ठसा पाहिला. नाणं पाडायच्या पोलादी ठशाला तडा गेला, की पुढच्या प्रत्येक नाण्यावर त्याची उंच रेघ उमटते. एका म्युझियमच्या नाण्याच्या फोटोत तीच रेघ त्याच जागी होती. इथे माझी शंका संपली.

मेनेर फिसरांच्या आग्रहाखातर मी सगळं पुन्हा केलं. उत्तर तेच आलं. ते उठले, नाणं खिशात टाकलं आणि म्हणाले, "मग लिलावाचं राहू द्या."

इंग्रिड, माझी बॉस, हादरली. हे नाणं तिला कॅटलॉगच्या कव्हरवर हवं होतं.

"स्मिता, तू त्यांच्या घरी जा. तुझ्याशी ते बोलतात."

"मी लॅबमधली आहे. क्लायंट सांभाळणं माझं काम नाही."

"या आठवड्यात आहे," ती म्हणाली.

मेनेर फिसर आल्मेरेला राहायचे. तीन मजली घर, पुढे शेजारच्या तरुण कुटुंबांतल्या मुलांच्या सायकली, आणि आत ते एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता घर विकून वृद्धाश्रमात जायचं होतं, म्हणून हे नाणं धरून सगळा संग्रह काढायला घेतला होता. त्यांनी कॉफी केली, सोबत एकच बिस्किट दिलं आणि डबा बंद करून ठेवला. इतक्या वर्षांत मला या डच पद्धतीची सवय झाली आहे.

"तुम्हाला हे नाणं खोटं असायला हवं होतं," मी म्हणाले. "का?"

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग विलेमबद्दल बोलायला लागले.

विलेम हा त्यांचा मित्र. नाण्यांच्या क्लबात बाकी सगळे डच नाणी जमवायचे. ही अमेरिकन खासगी नाणी जमवणारे दोघंच. शनिवारी कोपऱ्यातल्या टेबलावर दोघं एक भिंग आलटून पालटून वापरत बसायचे. हे दहा डॉलरचं नाणं विलेमनेच त्यांना विकलं. पुढे एका प्रदर्शनात एका व्यापाऱ्याने ते तोललं आणि हसून परत दिलं. फिसर तडक क्लबात गेले आणि सगळ्यांसमोर विलेमला चोर म्हणाले. विलेमही भडकला, आवाज चढवून भांडला आणि निघून गेला. त्याला वीसेक वर्षं झाली. फिसरांनीही क्लब सोडला.

"त्यानंतर नाणी घेतच राहिलो," ते म्हणाले. "पण दाखवायची कोणाला? पाकीट उघडायचं, बघायचं, परत बंद करायचं. ते नाणं खोटं होतं, तोवर ठीक होतं. आता तुम्ही म्हणता खरं आहे. म्हणजे मी उगाचच..."



"विलेम आहेत?"

"नायमेखनला. गुडघे गेलेत, असं ऐकलं." मग, "तुम्ही याल बरोबर? माझ्यावर तो विश्वास ठेवणार नाही. तुमच्यावर ठेवेल."

मी इंग्रिडला फोन केला. ती म्हणाली, "जा. पण येताना होकार घेऊन ये."

पुढच्या शनिवारी आम्ही उत्रेख्त स्टेशनवर भेटलो आणि नायमेखनची गाडी पकडली. फिसरांनी दाढी गुळगुळीत केली होती, टाय लावला होता. वाटेत एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्या भाषेत माफी कशी मागतात?" मी सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला.

विलेमनी वॉकर ढकलत दार उघडलं. ठेंगणे, जाड चष्मा. फिसरांकडे बघून ते नुसते बाजूला झाले. आम्ही आत गेलो.

"सांगा त्याला," फिसर मला म्हणाले.

मी सगळं सांगितलं. चांदी, घनता, वजन. विलेमनी एकदाच मधे तोंड उघडलं. "करडे कण दिसले?"

"हो."

"आणि ठशाची चीर?"

"तीही."

त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून बसले.

"विलेम, मी तुझी माफी मागायला आलोय," फिसर म्हणाले. "सगळ्यांसमोर तुला चोर म्हटलं. चूक माझी होती."

"मागू नकोस."

"मागतोय."

"हेंक, ऐक. तुला विकलं तेव्हा मला ते खोटंच वाटत होतं."

फिसरांनी टाय सैल केला.

"मी घरी तोललं होतं," विलेम म्हणाले. "हलकं भरलं. रंगही पटेना. ज्याच्याकडून घेतलं तो दुकान बंद करून गेलेला. आणि तुला ते इतकं हवं होतं. मी काही बोललो नाही."

"तू मला फसवलंस."

"फसवायला गेलो. जमलं नाही."

फिसरांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, आणि बघायचाही नव्हता.

"मग क्लबात एवढा का चिडलास?" त्यांनी विचारलं.

"कारण तू बरोबर बोलत होतास."

माझ्या मांडीवर रिपोर्ट होता. त्यात एक चूक नव्हती, आणि तिथे तो कोणाच्याच कामाचा नव्हता. फिसर उठले, कोट चढवला. दाराशी पोचल्यावर मागून विलेम म्हणाले, "हेंक. एकदा बघू दे."

फिसर थांबले. खिशातून नाणं काढून त्यांनी विलेमच्या तळहातावर ठेवलं. विलेम वॉकरसकट खिडकीशी गेले, ड्रॉवरमधून भिंग काढलं आणि नाणं उजेडात धरून खूप वेळ बघत राहिले.

"सुंदर आहे," ते म्हणाले आणि नाणं परत दिलं.

"आहे," फिसर म्हणाले. आम्ही निघालो.

 गाडी उत्रेख्त स्टेशनात शिरताना फिसर म्हणाले, "लिलावात घ्या. वीस वर्षं मी त्याच्यावर रागावलो होतो. तुम्ही नाणं खरं आहे म्हणालात, तेव्हापासून स्वतःवर. आता कोणावर रागवायचं ते कळत नाही. ते नाणं घरात नको."

त्यांची आल्मेरेची गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर होती. ते गर्दीतून ताठ चालत गेले, वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मला हे कोणाला तरी सांगायचं होतं. पुण्यात सगळे झोपलेले. सईला फोन लावला. ती हळू आवाजात डचमध्ये म्हणाली, "आई, लायब्ररीत आहे, नंतर करते." मी खिचडी टाकली आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसले.

लिलावाला फिसर आले नाहीत. विलेम आले, नायमेखनहून एकटे, वॉकर घेऊन. मागच्या रांगेत बसले. नाणं फोनवरच्या एका अमेरिकन ग्राहकाने घेतलं, इंग्रिडच्या अपेक्षेपेक्षा चढ्या भावात. हातोडा पडल्यावर विलेम माझ्याकडे आले. "हेंक नाही आला?" मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि ट्रामच्या दिशेने गेले.

दोन दिवसांनी फिसरांचा फोन आला. भाव विचारला नाही. "कोण कोण आलं होतं?" एवढंच.

"विलेम आले होते."

"काय म्हणाला?"

"तुमची चौकशी केली."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढे दोघं भेटले का, मला माहीत नाही. वृद्धाश्रमाचा पत्ता त्यांनी आम्हाला कळवला नाही, आणि क्लायंटला खासगी फोन करायचा नसतो, असा आमच्याकडे नियम आहे.

कामाच्या पद्धतीत मी एक बदल केला आहे. आता तपासणीला हात घालण्याआधी मी विचारते, हे नाणं तुमच्याकडे कोणाकडून आलं, आणि तुमचं त्या माणसाशी बोलणं आहे का. धातूच्या दृष्टीने या प्रश्नांना काही अर्थ नाही. इंग्रिड म्हणते, यात वेळ जातो.

जातो.