मागच्या टोकाचा माणूस

नालोंगोने फोटो मागितला तेव्हा नाकिमेरा चटकन म्हणून गेली, "एकच कशाला, पोतंभर आणते की!"

नालोंगो धक्क्यावर कसाव्याचे काप तळत होती. तिला जुळे मुलगे झाले त्या दिवसापासून सारं माबांबा गाव तिला नालोंगो म्हणू लागलं आणि तिच्या नवऱ्याला, सेमांडाला, सालोंगो. सालोंगो जाऊन पाच महिने झाले होते. येत्या शनिवारी शोक उठवायचा होता. त्या दिवशी जुळ्यांतल्या धाकट्याला, कातोला, झाडाच्या सालीचं वस्त्र गुंडाळून बापाच्या जागी बसवायचं, आणि हल्ली सगळे ठेवतात तसा शेजारी बापाचा मोठा फोटो ठेवायचा.

"माझ्याकडे एकच आहे," नालोंगो म्हणाली, "ओळखपत्रावरचा. पण त्यात तो जिवंतपणीच मेल्यासारखा दिसतो. तू तेरा वर्षं त्याच्या होडीत कॅमेरा घेऊन बसलीस. हसरा आण. दात दिसले तरी चालतील."

"आणते, नालोंगो. गुरुवारी आणते."

घरी येऊन नाकिमेराने चहापत्तीचा जुना डबा उघडला. त्यात तिची मेमरी कार्डं होती, प्रत्येकावर नेलपॉलिशने वर्ष लिहिलेलं. ओट्यावर ती अंगावरचा कांगा पदरासारखा डोक्यावरून ओढून बसली, म्हणजे उन्हात कॅमेऱ्याचा पडदा नीट दिसेल, आणि पहिलं कार्ड कॅमेऱ्यात घातलं.

कॅमेरा तिने एंटेबेतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून घेतला होता, दोन शेळ्या आणि वडिलांची सायकल देऊन. त्याला तो नकोच होता. "याची लेन्स काढता येत नाही, बदलता येत नाही," तो म्हणाला होता. "खरा कॅमेरा नाही आणि खेळणंही नाही. धड कशात जमा नाही." पण नाकिमेराने कळ दाबली, लेन्सची नळी हळूहळू पुढे सरकत गेली, पन्नासपट. रस्त्यापलीकडच्या घराच्या पन्हळीवर बसलेल्या कावळ्याच्या चोचीला चिकटलेला भाताचा दाणा तिला दिसला. मग शेळ्यांचं काही वाटेना.

तेव्हा ती पक्षी दाखवणाऱ्यांत नवी होती, आणि बायकांत एकटीच. धक्क्यावरचे होडीवाले तिला होडीत घ्यायला कां-कूं करत. सालोंगो तेवढा म्हणाला, "बस पुढे. पण हलू नकोस. मला पोहता येतं, तुझ्या त्या डब्याला येत नाही."

तो मुळात कोळी. बुल्वे पक्ष्याशी त्याचं जुनं वैर. छातीइतका उंच, राखाडी, लाकडी खडावेसारख्या चोचीचा तो पक्षी सकाळी दिसला की जाळं रिकामं येतं, असं तिथले सगळे कोळी मानत, आणि सालोंगो तर तरुणपणी चिखलाचे गोळे मारून त्याला हुसकावत असे. मग परदेशातून माणसं खास त्यालाच बघायला येऊ लागली. सालोंगोने गोळे टाकले आणि पाहुण्यांची होडी ढकलायला बांबू उचलला. "ज्याला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, तोच आता माझ्या पोरांच्या शाळेची फी भरतो," तो म्हणायचा. "सकाळी भेटला की मी त्याला आधी नमस्कार घालतो. तो मात्र अजून रागावलेलाच."

होडीत नाकिमेराची जागा पुढच्या टोकाला. मधे पाहुणे. मागच्या टोकाला सालोंगो, बांबू घेऊन उभा. लव्हाळ्यांमधल्या चिंचोळ्या पाण्यातून होडी सरकायची, आणि मागून त्याचा आवाज यायचा, इतका हळू की पाहुण्यांना वाटे वाराच आहे. डावीकडे. अजून डावीकडे. त्या मोडलेल्या लव्हाळ्याच्या मागे. तिचा कॅमेरा पन्नासपट बघायचा, पण कुठे बघायचं ते सालोंगोचे नुसते डोळेच सांगायचे. पाहुण्यांच्या हाताएवढ्या जाड लेन्सा. ते आधी तिच्या कॅमेऱ्याकडे बघून गालात हसत. मग बुल्वे लांबच्या बेटावर बसलेला निघाला की त्यांच्या जड लेन्सांत तो ठिपका उरायचा, आणि नाकिमेराच्या पडद्यावर त्याच्या पापणीची कड दिसायची. मग होडीतले सगळे तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागत आणि मागून सालोंगो पाहुण्यांना ओरडायचा, "बसा, सेबो, बसा! उलटलो तर फोटो मासेच काढतील!"

सगळं आठवत ती कळ दाबत गेली. २०१२. बुल्वे. बुल्वे. कमळाच्या पानावर चालणारा जकाना पक्षी, त्याच्या पायांखालून डोकावणारी पिल्लं. पाणमांजराचं ओलं डोकं. मधूनच नामुली आत्याच्या पोरीचा साखरपुडा, रांगेत गुडघ्यांवर बसलेल्या मुली, त्यांच्या चमचमत्या कमरपट्ट्यांवर ऊन. कुणाचं नवं दुकान. कुणाची व्यालेली गाय. धक्क्यावरचं कोणतंही शुभकार्य तिच्या कॅमेऱ्यावाचून होत नसे.

२०१४. २०१५. सालोंगो नाही.

आधी तिला वाटलं, पुढे असेल. २०१७ च्या कार्डापर्यंत चहा गार झाला होता. साखरपुड्यांच्या फोटोंत तर तो नक्की असणार, तो तर दर वेळी बरोबर यायचा! मग तिच्या लक्षात आलं की तो कुठे असायचा. तो तिच्या मागे उभा असायचा, तिच्या डोक्यावर छत्री धरून, पडद्यावर ऊन पडू नये म्हणून. होडीतही मागे. जमिनीवरही मागे.

तिचा आणखी एक दोष होता, किंवा शिस्त म्हणा. कार्डं महाग, म्हणून संध्याकाळी बसून ती शंभरातले नव्याण्णव फोटो पुसायची. हललेले, अंधारे, कुणाचं कोपर आलेले, कुणाचा बांबू आलेले. सालोंगो शेजारी बसून जाळं शिवत बघायचा. "न्याबो, मी गोळ्यांनी मारले असतील वीसपंचवीस पक्षी," तो तिला 'बाईसाहेब' करत म्हणायचा. "तू रोज संध्याकाळी शेकड्याने मारतेस."

शेवटचं कार्ड संपलं तेव्हा सावली ओट्यावरून अंगणात उतरली होती. एका फोटोत बुल्वेच्या बाजूला पाण्यावर लांब सावली होती, बांबू धरलेली. बस.

आणि मग तिला ती सकाळ आठवली. तिसरं वर्ष असेल, किंवा चौथं. पाहुणे आलेच नव्हते, दोघंच गेले होते, पिल्लू घरट्यातून बाहेर आलंय का बघायला. पिल्लू दिसलं. ती नळी पूर्ण लांब करून बसली, श्वास रोखून. मागून सालोंगो म्हणाला, "नाकिमेरा, आज माझाही एक काढ ना. नवा शर्ट आहे."

"फार जवळ आहात तुम्ही, सालोंगो. एवढी नळी लांब असताना दोन हातांवरचं याला दिसत नाही."

"मग आत घे की नळी."

"आत घेईपर्यंत पिल्लू जाईल. नंतर काढते."

"बरं," तो म्हणाला. "शर्ट धुतला तरी नवाच राहील चार दिवस."

ती ओट्यावर तशीच बसून राहिली. दोन शेळ्यांच्या बदल्यात घेतलेला डोळा. लांबच्या बेटावरची पापणी दिसायची त्याला.

बुधवारी ती कातोकडून ते ओळखपत्र गुपचूप मागून घेऊन कासांजेला फोटोच्या दुकानात गेली, त्यावरचा फोटो मोठा करता येईल का विचारायला. दुकानदाराने तो मोठा करून दाखवला. नालोंगोचं खरं होतं. तिने तो छापू दिला नाही.

गुरुवारी दुपारी ती नालोंगोच्या दारात गेली, रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसून तिने हालहवाल विचारली. नालोंगोनेही घरचं, तब्येतीचं, केळीच्या बागेचं सगळं विचारून घेतलं. आत चटईवर शनिवारसाठी निवडायला घेतलेल्या भुईमुगाची रास होती.

"दाखव," नालोंगो म्हणाली.

"नाही आणला."

"छापून झाला नाही?"

"नाहीच आहे, नालोंगो." नाकिमेराने मान वर केली नाही. "एकही नाही. तेरा वर्षांत मी त्यांचा एकही काढला नाही."

नालोंगोने दाणे निवडायचे थांबवले. बाहेर कोंबडी फडफडली.

"पक्ष्याचे किती आहेत?"

"पुसून उरलेले... चारपाच हजार."

"चारपाच हजार." नालोंगोने तो आकडा सावकाश म्हटला. "आणि तो बिचारा, 'आज नाकिमेराला बरा मिळाला, आज नाही मिळाला', रोज जेवताना हेच. मला वाटायचं, त्यातला एखादा तरी त्याचा असेल."

"त्यांनी एकदा मागितला होता. मी म्हटलं, नंतर."

हे सांगायचं तिने ठरवलं नव्हतं. नालोंगोने बोटांवरची सालं झटकली. मग तिने हात पुढे केला.

"आण इकडे तो डबा. एवढं काय बघत होतात तुम्ही दोघं, मलाही बघू दे."

नाकिमेराने कॅमेरा सुरू करून दिला. नालोंगोने तो नाकाजवळ धरला, मग हातभर लांब. "काही दिसत नाही मला. राखाडी काहीतरी आहे. हा हलतो का?"

"काही हलतात. ते व्हिडिओ आहेत. हे मधलं बटण."

"मग लाव. माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. आवाज आहे ना याला?"

नाकिमेरा थांबली. व्हिडिओ ती नेहमी आवाज बंद करूनच बघायची. पाहुण्यांचं खोकणं, त्यांच्या कॅमेऱ्यांची खटखट, बॅटरी उगाच खर्च. पक्षी नीट टिपलाय की नाही एवढंच तिला बघायचं असे. तिने आवाजाची पट्टी शेवटपर्यंत नेली आणि बटण दाबलं.

आधी पाणी. होडीच्या कडेला लागणारं, चुळुक, चुळुक. लांब कुठेतरी बगळा ओरडला. आणि मग अगदी जवळून, पडद्याच्या मागे कुणी बसल्यासारखा, तो आवाज.

"श्वास धर, न्याबो. बघतोय तो. मासा दिसलाय त्याला. बघ कसा उभा आहे... आमची नालोंगो अशीच उभी राहते दारात, मी उशिरा गेलो की. हलत नाही, बोलत नाही. तुला वाटतं, चला, आज वाचलो. आणि मग..."

धपकन आवाज. पाणी उसळलं. पक्ष्याने सगळं अंग पाण्यात टाकलं होतं. सालोंगो हसू दाबत होता, ते नाकातून फुटत होतं. "...आणि मग हे असं!"

व्हिडिओ संपला. नालोंगोचं तोंड उघडंच होतं.

"कधी रे?" ती कॅमेऱ्याला म्हणाली. "कधी उभी राहिले मी अशी? आणि उशिरा का यायचास ते सांग ना तिला! सांग! केळीची दारू कुणाकडे प्यायचास ते नाही सांगितलंस!"

नाकिमेराला हसू आलं. नालोंगो पदराच्या टोकाने नाक पुसत म्हणाली, "परत लाव."

तिने परत लावला. मग दुसरा. त्यात तो एका पाहुण्याला समजावत होता की पक्षी खोटा नाही, खेळणं नाही, तास झाला हलला नाही तर त्याला काम नसेल म्हणून. तिसऱ्यात तो फक्त गुणगुणत होता, त्याला कळतही नव्हतं. चौथ्यात तो नाकिमेराला रागावत होता, कॅमेऱ्याला पिशवी घाल म्हणून. धक्क्यावर मासे वजन करायला गेलेला कातो केळ्याचा घड खांद्यावर घेऊन आला आणि दारातच थांबला. घड खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. बापाच्या जागी बसायचं ठरल्यापासून तो कुणाशी फारसं बोलत नव्हता. आता त्याचे ओठ आवाजाबरोबर हलत होते, जणू शब्द कसे म्हणायचे ते तो शिकत होता.

"आई," तो शेवटी म्हणाला, "शनिवारी लाऊडस्पीकर आणलाय ना आपण?"

"आणलाय."

नाकिमेरा घाईने म्हणाली, "पण नालोंगो, सगळ्या गावापुढे... त्यात ते तुमच्याबद्दल काय काय बोलतात."

"बोलू दे. तो आयुष्यभर बोललाच." नालोंगोने दाण्यांची रास जवळ ओढली आणि पुन्हा निवडायला घेतली, जरा जोरातच. "खुर्चीशेजारी फोटो नसला तरी चालेल. पण मला एक माइक लागेल. वेगळा. तो एवढं बोलणार आणि मी गप्प बसणार होय?"