चादरीचा टॅग सदऱ्यात

माझी आत्या रुग्णालयाच्या धोबीखान्यात काम करते. पायाला भिंगरी, तोंडाचा पट्टा सदा चालू. तिथल्या प्रत्येक चादरीच्या काठात एक चपटा टॅग शिवलेला असतो. चादरींची गाडी दारातून गेली, की कुठल्या चादरी गेल्या ते पडद्यावर उमटतं. आतोबा हल्ली रस्ता विसरायला लागले, तेव्हा तिनं असाच एक टॅग त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये शिवून टाकला. आता कुठेही गेले तरी पडद्यावर दिसतील, म्हणून बाईसाहेब निर्धास्त! मला विचारलं असतं तर मीही मान डोलावली असती. मला तरी काय कळत होतं!

एका दुपारी आतोबा घराबाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. आत्या मला ओढतच टॅगची यंत्रं सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाकडे घेऊन गेली.

"यांच्या सदऱ्यात चादरीचा टॅग शिवलाय मी. दाखव पडद्यावर, कुठे आहेत ते!"

"मावशी, चादरीच्या टॅगमध्ये बॅटरीच नसते हो. तो पॅसिव्ह. मशीन जवळ नेलं, की मशीनच्या लहरींवर तो जागा होतो आणि नंबर सांगतो. चार पावलं लांब गेलं, की संपलं. म्हणून तर तो स्वस्त, आणि धुण्यातही टिकतो."

"मग व्हीलचेअरवरची ती डबी? ती बरी कुठूनही सापडते!"

"ती अ‍ॅक्टिव्ह. तिची स्वतःची बॅटरी असते, ती आपणहून सिग्नल पाठवत राहते. पण तो ऐकायला इथल्या भिंतींवर यंत्रं आहेत. रस्त्यावर कोण ऐकणार? आणि बॅटरी संपली की तीही गप्प."

आत्याचं धाबं दणाणलं. त्या बिचाऱ्यालाच चार शब्द सुनावून ती बाहेर धावली, मी मागोमाग. बाग, बसथांबा, औषधाचं दुकान, सगळीकडे "अहो! अहो!" करत फिरलो. मला तिचा भयंकर राग येत होता आणि भीतीही वाटत होती. एकाच गल्लीतून किती चकरा मारल्या, देव जाणे. शेवटी ती तिथल्या बंद गॅरेजच्या मागं वळली. आतोबा एका खोक्यावर बसले होते. माझ्या जिवात जीव आला.

"अहो, इथे काय बसलात? हाका ऐकू आल्या नाहीत?"

"आल्या की. सगळ्या आल्या. तूच होतीस ना?" आतोबा ओशाळून म्हणाले. "पण हाक आली की काय करायचं असतं, तेच आठवेना गं."

आत्या त्यांच्या शेजारी त्याच खोक्यावर टेकली. मग मला म्हणाली, "तू हो पुढे. आम्ही येतो."